फटीवरची काच

सरका जवळ. दिवा राहू द्या. माझ्या मेहुण्याच्या बाबतीत घडलेलं सांगतो. गवंडी माणूस, आणि संशयी इतका की देवाने वर दिला तरी दोनदा वाजवून घेईल.

चौदा जुन्या घरांची एक रांग आहे. छप्पर एक, खिडक्या सारख्या, दोन घरांत मिळून एकच भरीव भिंत. सरकारी संरक्षण, म्हणून खिळासुद्धा विचारून ठोकायचा. नऊ नंबर रिकामं. दहात मावशी एकटी. नवरा शिंपी होता, तो गेल्यावर मशीन हिने चालवलं. मधल्या भिंतीला फट पडली, म्हणून मेहुण्याने नऊ नंबरच्या बाजूने फटीवर काचेची पट्टी आडवी बसवली. भिंत सरकली की काच तडकते. अशा तीन तडकल्या. चौथी तडकली की भिंत धोकादायक ठरवून दोन्ही घरं पाडायची, मावशी रस्त्यावर. नऊच्या मालकाला नेमकं तेच हवं होतं. मेहुण्याच्या मनात पाल चुकचुकली.

नऊ जानेवारी, गुरुवार. चौथी पट्टी बसवून तो घरी गेलाच नाही. नऊ नंबरातच जिन्याखाली दडून बसला.

रात्री दीडला कुलपात किल्ली फिरली. मालकच. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात हातोडी. मेहुणा म्हणाला, सापडला चोर. रंगेहाथ धरू म्हणून दम धरून राहिला.

मालकाने हातोडी उचलली... आणि थांबला.

काचेवर वाफ धरत होती.

आतून. फटीच्या बाजूने.

वाफेत एक बोट उमटलं. मग दुसरं... मग चार.

मालकाने घाव घातला. काच तशीच.

पुन्हा घातला.

तशीच...

"कोण आहे?" मालकाने भिंतीला विचारलं.

हातोडी खाली पडली. मालक मेहुण्याच्या अंगावरून पळाला, तरी त्याला मेहुणा दिसला नाही.

काच टिकली, मावशीचं घर वाचलं. मेहुण्याने तिला एवढंच सांगितलं, की भिंत पक्की आहे.

ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "असणारच. जाताना हे म्हणाले होते, तुला इथून कोणी हलवणार नाही."

बोटांचे ठसे अजून आहेत. बाहेरून पुसले तर जात नाहीत, मी स्वतः पुसून पाहिलंय. तीन बोटांना रेषा आहेत. मधल्या बोटाला रेषा नाहीत. नुसते बारीक ठिपके आहेत, सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात अंगुस्तान घालतो ना, त्याच्यावर असतात तसे.