सांडपाण्याच्या तळ्यावरचे पिवळे धोबी

रविवारी संध्याकाळी तिने त्याचा हात घट्ट धरला. असं अजून काहीही झालेलं नाही. आज शुक्रवार आहे आणि ती सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या फाटकात नमुन्यांच्या बाटल्या घेऊन उभी आहे.

"आत सोडाल?" गळ्यात दुर्बीण अडकवलेल्या तरुणाने विचारलं. कोपऱ्यावरच्या दुकानातला चष्मेवाला. "तुमच्या तळ्यावर पिवळे धोबी उतरलेत... ते शेपूट हलवणारे पक्षी हो. आता उत्तरेला निघतील."

"बाहेरच्या माणसासोबत आमच्यापैकी कुणीतरी लागतं."

"मग तुम्हीच चला ना... पक्षी आवडतात?"

त्याने मान वर केली. डोळे भलतेच छान होते.

"जीव की प्राण!" ती म्हणाली.

हे धादांत खोटं होतं. लहानपणी एका कावळ्याने तिच्या हातातलं बिस्कीट आणि आत्मविश्वास दोन्ही पळवले होते. तेव्हापासून पंख फडफडले की तिला दरदरून घाम फुटे.

"चिमणी दिसली की पलंगाखाली शिरतेस," घरून निघताना आई म्हणाली, "आणि पक्षी बघायला निघालीस?"

"आई, ऑफिसचं काम आहे."

"लिपस्टिक लावून?"

शनिवारी पहाटे तळ्यावर धुकं होतं, गवत ओलं होतं आणि वास जो असायचा तोच होता.

"हलू नका," तो कुजबुजला.

ही सूचना अनावश्यक होती. एक पिवळा धोबी टुणटुणत आला आणि थेट तिच्या बुटावर चढला. शेपूट वर, खाली. वर, खाली. किंचाळी ओठांपर्यंत येऊन, बाहेर पक्षी आहे हे पाहून परत गेली.

"इतकी स्थिर मुलगी मी पाहिली नाही," तो भारावून म्हणाला. "श्वाससुद्धा घेत नाही तुम्ही!"

खरंच घेत नव्हती.

पक्ष्यांची भीती तिच्या ओळखीची होती. आता दुसरी आली, बिनओळखीची – याला आवडलेली मुलगी मी नाहीच! खरं कळलं तर...?

रविवारी संध्याकाळी दोघं पुन्हा तळ्यावर असताना अख्खा थवा एकदम उठला. डोक्यावर फडफड, फडफड! ती जीव खाऊन किंचाळली आणि त्याच्या पाठीमागे दडली. आकाश रिकामं झालं.

"मला पक्ष्यांची भीती वाटते," ती त्याच्या पाठीला म्हणाली. "भयंकर. काल मी स्थिर नव्हते, गोठले होते. जा तुम्ही... काय म्हणायचं ते म्हणा."

तो वळला. त्याने दुर्बीण खाली केली.

"मी माणसांना घाबरतो. दुकानात गिऱ्हाइकाच्या फक्त डोळ्यांत बघतो, तेही काचेतून. म्हणून तर पक्षी."

"आणि आत्ता?"

"आत्ता... हातपाय गार पडलेत."

"बघू."

तिने त्याचा हात घट्ट धरला. खरंच बर्फ झाला होता. तिने तो हात सोडला नाही. भीती दोघांनाही वाटतच राहिली, फक्त आता ती वाटून घेता येत होती.

पण पक्षी गेले, म्हणजे उद्यापासून त्याला फाटकातून आत सोडायला कारण उरलं नाही. म्हणून तिने सोमवारी कार्यालयीन कागदावर लिहिलं:

'उत्तरेकडे रवाना झालेल्या सर्व पिवळ्या धोब्यांनी तातडीने परत यावे व पुढील आदेश होईपर्यंत याच तळ्यावर मुक्काम करावा, ही नम्र विनंती. मुक्कामाच्या काळात कृपया उडू नये.'