कॉर्ड आधी कोणी ओढायची?

शिवमूर्तीची आणि माझी ओळख झाली ती व्यंकटरावांच्या कॉलच्या मधोमध.

साल शहाऐंशी. सेलूच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ऑपरेटर. कापसाचे अडते व्यंकटराव परभणीला ट्रंक कॉल लावून भाव विचारत होते. तिकडून आवाज आला, "आजचा भाव—" आणि लाइन गेली! व्यंकटराव माझ्यावर असे कडाडले की कान गरम झाले.

कॉल तोडायचीसुद्धा रीत असते हो! ज्या गावाने कॉल मागितला, त्या गावच्या ऑपरेटरने आधी विचारायचं, "झालं का?" समोरच्या ऑपरेटरने "झालं" म्हणायचं. मगच दोघांनी आपापल्या बोर्डातली, कॉल जोडणारी कॉर्ड ओढायची. एवढी साधी गोष्ट परभणीच्या बोर्डावरच्या या नव्या प्राण्याला कोणी शिकवावी? मीच शिकवली.

"हॅलो परभणी! मी विचारायच्या आधी कॉर्ड कशी काय ओढली?"

"मला वाटलं, झालं..."

"तुमाला वाटून काय उपयोग? मी विचारल्यावर ओढायची!"

"बरं. नाव काय तुमचं?"

"सेलू!" मी म्हणाले आणि कॉर्ड ओढली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. दोन महिने मी त्याला रीत शिकवली... पालथ्या घड्यावर पाणी! भांडता भांडता त्याला माझं नाव उमा आहे, मी सरकीवाल्या बसप्पांची मुलगी आहे, हे कधी कळलं, ते माझं मलाच समजलं नाही. संताप याचा, की त्याची ड्यूटी नसली की सगळे कॉल रीतसर तुटायचे आणि मला मात्र करमायचं नाही.

शेवटी मी दम दिला. "साहेबांकडं लेखी तक्रार करणार हाय मी!"

"करा की. पण खरं सांगू? रीतीनं वागलो तर तुमी 'झालं का' एवढंच बोलता. आधी ओढली, की पाच मिनिटं भांडता..."

माझे गाल तापले. "लयच शहाणे की तुमी! व्यंकटराव मला खायला उठतात, त्याचं काय?"

"चुकलं. उद्यापासून न्हाई."

आणि तो खरंच सुधारला. मेल्याला सुधारायलाही हीच वेळ मिळाली! त्याच आठवड्यात अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरी सांगितलं, रविवारी लातूरचं स्थळ बघायला येणार. पसंत पडली तर तिथंच सुपारी फोडायची. शनिवारी दुपारी, परभणीला लावलेला एक कॉल संपल्यावर, मी धीर केला.

"उद्या मला बघायला यायलेत."

तिकडून काहीच नाही. नुसती खरखर. मी वाट पाहिली... किती पाहायची माणसाने?

"झालं का?" मी विचारलं.

उत्तर नाही. डोळे भरून आले आणि मी कॉर्ड ओढली. ओढता ओढता त्याचा आवाज आला, "उमा, मी—"

उत्तराआधी कॉर्ड ओढली ती मी! दोन महिने त्याला बोल लावणारी मी! लगेच परभणी लावलं, तर एंगेज. पुन्हा लावलं, पुन्हा एंगेज. नंतर कळलं, तोही तेव्हा मलाच लावत होता. दोघांनी मिळून एकमेकांची वाट अडवली होती. कपाळ माझं!

पाऊण तासाने परभणीच्या बोर्डावरून दुसऱ्याच ऑपरेटरचा, एका बाईचा आवाज आला. "सेलू, सत्तावीस नंबर द्या. अर्जंट हाय."

सत्तावीस म्हणजे आमच्या अप्पांचं सरकीचं दुकान. मी जोडून दिलं. ऑपरेटरने ऐकायचं नसतं. मी ऐकलं.

"नमस्कार, बसप्पाजी. मी शिवमूर्ती. पोखर्णीच्या चन्नबसम्मांचा मुलगा, टेलिफोनात नोकरीला हाय. तुमच्या उमादेवीला मागणी घालायची होती..." शब्द एकमेकांवर आदळत होते. बोर्डावर इतका वेळ गप्प बसणारा हाच का तो?

"अहो, उद्या लातूरचे पाव्हणे यायलेत," अप्पा गोंधळले. "आन् पोरीच्या मनात काय हाय, ते मला कसं कळावं? बघू पुढं. ठेवतो मी."

"ठेवू नका!" मी ओरडले.

"कोण ते? ओ ऑपरेटर, घरगुती बोलणं चालू हाय, मधी तोंड घालू नका!"

"अप्पा, मी उमा हाय." मी माउथपीस तोंडाजवळ ओढला. "लातूरच्यांना नको म्हणा. मला... हेच पाहिजेत."

   लातूरचं नाव पुन्हा निघतं की काय, या भीतीने मी हेडफोन कानावर घट्ट दाबला.

"शिवमूर्ती," अप्पा सावकाश म्हणाले, "पोरगी लय भांडखोर हाय. चालंल का?"

"सवय हाय, अप्पा."

अप्पा! अजून सुपारी फुटायची होती, आणि हा अप्पा म्हणून मोकळा! या माणसाला कुठल्याच गोष्टीत दम म्हणून निघत नाही.