शेवटच्या बाकावरचं नाव

मंजूषा नेदरलँड्समधल्या वाखनिंगनहून निघाली तेव्हा तिच्या मैत्रिणीने, वैदेहीने, पिशवीत थालीपिठं कोंबली.

"मी येऊ का गं सोबत?"

"नको. एक सही तर करायची आहे."

सही नवऱ्याच्या नावापुढे करायची होती. गेल्या जूनमध्ये नीळकंठ वेल्सच्या किनाऱ्यावरच्या लानेरिन नावाच्या गावी 'एकटाच जातो' म्हणून सुट्टीला गेला आणि भरतीत वाहून गेला. देह मिळाला नाही. मंजूषा तेव्हापासून एकदाही रडली नव्हती. लॅबमध्ये जायची, रोपांची पानं तपासायची, सायकलवरून घरी यायची.

लानेरिनमध्ये चौदाशे वर्षांपूर्वी मठ होता. त्याच जागी आता दगडी चर्च आहे. समुद्रात गेलेले जे सापडलेच नाहीत, त्यांची नावं घरच्यांची सही घेऊन वर्षातून एकदा मोठ्याने वाचायची, ही मठातल्या साधूंची चाल गावाने सोडलेली नाही.

ती पोचली वाचनाच्याच दिवशी, दुपारी. आत ओल्या दगडाचा, शेवाळाचा वास भरलेला. चर्च सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या ग्वेनबाईंनी कागद पुढे केला.

"नीळकंठ. बरोबर ना?"

'ळ' अगदी स्वच्छ. वाखनिंगनमध्ये दहा वर्षांत एकाही गोऱ्या माणसाला तो जमला नव्हता.

"कुणी शिकवलं तुम्हाला?"

"त्यानंच... शेवटच्या बाकावर बसतो." ग्वेनबाईंनी आवाज उतरवला. "नाव वाचलं की ते जातात. पुन्हा येत नाहीत. जायला नको असेल, तर सही करू नका..."

बाक रिकामा होता, पण फळीवरून पाणी ठिबकत होतं. मंजूषा जाऊन शेजारी बसली. डाव्या दंडात गारठा शिरत राहिला, तोही जणू दुसऱ्याच कुणाच्या दंडात.

शेवटी ती म्हणाली, "दमला असशील... जा आता."

तिने सही केली. पाद्र्याने नाव वाचलं. गारठा ओसरला. फरशीवर ओली पावलं उमटत दाराकडे गेली आणि बाहेर पडली. मंजूषा नुसती बघत राहिली. रडू आलंच नाही.

ती उठणार, तेवढ्यात त्याच दारातून दुसरी पावलं आत आली. अनवाणी, लहानखुरी, बायकी. बाकापाशी थांबली. फळी करकरली.

ग्वेनबाई लगबगीने आल्या. त्या रिकाम्या जागेपाशी वाकल्या, कान पुढे केला आणि कागदावर एकेक अक्षर लिहून घेऊ लागल्या. मध्येच थांबून त्यांनी मंजूषाकडे पाहिलं.

"बाई... ही तुमच्याच भाषेत बोलतेय. नीळकंठला हाक मारतेय."