यादीतला बूट

चपलेचा अंगठा तुटला नसता, तर मी त्या दुकानाची पायरी चढलेच नसते. वॉर्डात बारा तास उभी राहून आले होते, पाय सुजून टम्म. बूटवाल्याने काही न विचारता स्टूल पुढे सरकवलं, एक जोड काढला आणि स्वतः नाडी बांधली. मी पाच पावलं चालले आणि… खरं सांगते, डोळ्यांत पाणीच आलं. इतकं हलकं!

मग खोक्यावरचं नाव वाचलं. कंपनी माझ्या बहिष्काराच्या यादीतली. ज्या पक्षाच्या नावाने मी रोज बोटं मोडते, त्यालाच तिचा मालक देणग्या देतो.

"नको," मी म्हटलं.

"टोचतो कुठे?"

"पायाला नाही टोचत."

तो मान खाली घालून हसला. मी साधी चप्पल घेऊन निघाले.

पण आठवड्याने परत गेले. मग दर आठवड्यालाच. जायचं, तो जोड घालायचा, पाच पावलं चालायचं, काढून ठेवायचा. त्याने तो बाजूलाच ठेवला होता.

"दुसऱ्या कुणाला विका ना."

"तुमच्या मापाचा आहे."

"मी घेणार नाहीये. मालक, पक्ष, यादी, सगळं सांगितलंय ना तुम्हाला."

"माहितीये… पण येता तरी."

मी चक्क लाजले. या वयात, असल्या पायांनी!

"एक जोड नाही घेतला तर त्या मालकाला कळणारसुद्धा नाही, सिस्टर."

"मला कळतं ना."

"दमत नाही तुम्ही?"

दमते की. साबण, बिस्किटं, फोन… प्रत्येक वस्तू उलटी करून कंपनीचं नाव वाचायचं. धाकटी बहीण म्हणते, "ताई, आता घरात तूच तेवढी यादीबाहेर उरलीस." पण यादी सोडली, तर एवढ्या मोठ्या पक्षापुढे माझ्या हातात राहतं काय?

मग एका शनिवारी नाडी बांधून झाली तरी तो उठेना.

"एक सांगायचंय… मी त्याच पक्षाला मत दिलं होतं. दोन्ही वेळा."

"मग सांगितलंत कशाला?"

"तुम्ही मला आवडता म्हणून. मला यादीत घालायचं तर आत्ताच घाला."

माझं डोकं फिरलं. त्या पक्षाने नर्सची भरती थांबवली म्हणून तर मी दोघींचं काम एकटी ओढते! हे सगळं त्याला सुनावलं. तो गुडघ्यावर बसून ऐकत होता. "हे मला माहीत नव्हतं," एवढंच म्हणाला. पुढच्या वेळी मत बदलेन, असं नाही म्हणाला. मला खूश करायला तसं म्हणाला असता, तर मी तिथूनच उठून गेले असते.

मी बूट काढून खोक्यात ठेवले.

"हे मी घेणार नाही. कधीच नाही."

"आणि… मी?"

"तुम्ही काय विकत घ्यायची वस्तू आहात? दुकान बंद झालं की चहाला चला. पण सांगून ठेवते, वाटभर भांडणार आहे मी."

"भांडा," तो म्हणाला, आणि बंद व्हायला अजून तासभर होता तरी शटर ओढायला उठला.