चांदीची पट्टी

साहेब, तुमच्या कारखान्यातल्या मशीनचं संरक्षक गार्ड तुम्हीच काढायला लावलंत. माल लवकर निघावा म्हणून! वितळलेलं ॲल्युमिनियम उडालं ते बिरूच्या हातावर, तुमच्या केबिनच्या काचेवर नाही. त्याच भाजलेल्या हातानं त्याला माझ्यासमोर आणून बसवलं, पण त्याबद्दल तुमचे आभार मी मुळीच मानणार नाही.

चाकणच्या एका दवाखान्यात मी ड्रेसिंग करते. बिरू सांगोल्याकडचा. आला तो जखमेवर टूथपेस्ट थापून! मी चिडून, पण जपून, ती धुवायला घेतली.

"तोंड एवढं तिखट अन् हात एवढा हलका... कसं काय वो सिस्टर?"

"गप बसा. नाहीतर हातपण तिखट करीन!"

डॉक्टरांनी नॅनो चांदीची पट्टी लावायला सांगितली. मी समजावलं, "यातले चांदीचे कण डोळ्यांना दिसणारसुद्धा नाहीत. हळूहळू सुटतात, जंतू मारतात. रोज बदलायची गरज नाही. आता थेट सोमवारी या."

त्याचा चेहराच उतरला. "सोमवारी? रोज लावायचं जुनं मलम न्हाई का?"

"त्यात रोज जखम पुसावी लागते. फार दुखतं."

"दुखू द्या की..."

माझे कान तापले. पट्टी दोनदा वाकडी लागली.

दुसऱ्या दिवशी स्वारी हजर! पट्टीचा कोपरा सुटलेला. "गाडीवर वारं लई लागलं..." मी नवी लावली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या खेपेला कडेला नखाचा ओरखडा दिसला.

"उचकटलीत ना? जंतू शिरले तर बोटं आखडतील! कळतं का?"

त्यानं मान खाली घातली. "पट्टी शाबूत राहिली तर... इथं कुठल्या तोंडानं येऊ?"

दारातून आमच्या दवाखान्यातल्या आया, सुमनमावशी, खोकल्या. "स्वरूपा, हात किती वेळ धरून बसतीस गं? पट्टी लाव की!"

मी लावली. आणि दम भरला — "आता हात लावलात तर माझ्याशी बोलायचं नाही!"

सोमवारी पट्टी काढली. खाली नवी, गुलाबी कातडी. मी खुशीत वर पाहिलं, तर हा रडवेला.

"म्हंजे... उद्यापास्नं यायचं न्हाई?"

मी हातमोजे काढले. त्याचा हात तसाच हातात घेतला.

"बिरू, रविवारी मला सुट्टी असते. जखम नसताना येशील, मला भेटायला? नुसती मुंडी हलवू नकोस. तोंडानं सांग — येणार की नाही?"