शिंपीकाकांचे तळवे

यात पदरचं काहीही घातलेलं नाही. पटलं नाही तरी हरकत नाही... मलाही अजून पटलेलं नाही.

नर्सिंगची पदवी घेऊन मी नुकतीच घरोघरी जाऊन वृद्ध पेशंट बघायला लागले होते. थंडीतली संध्याकाळ होती. बंद पडलेल्या शिवणकामाच्या दुकानावर एक खोली. तिथे शिंपीकाका एकटे राहायचे.

मधुमेह जुना. आदल्याच आठवड्यात तळव्यात टाचणी रुतली आणि ते दिवसभर तिच्यावर चालले होते. कळलंच नाही.

मुलाने मला फोनवर बजावलं होतं, "सिस्टर, पायांना काही कळत नसेल तर स्पष्ट सांगा. मग बाबांना एकटं ठेवायचं नाही. वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलीय."

काकांना खोली सोडायची नव्हती.

तपासणी साधी असते. पेशंट डोळे मिटतो. आपण नायलॉनचा जाड दोरा तळव्यावर टेकवून तो वाकेपर्यंत दाबायचा. जाणवलं की त्याने 'हो' म्हणायचं.

"दोरा असा धरतात होय?" काका म्हणाले. "माझ्या हाताखाली असतीस तर कान पिळला असता."

"आधी डोळे मिटा."

अंगठ्यावर टेकवला... गप्प.

टाचेवर... गप्प.

दोरा बाजूला ठेवून मी टाचणीच्या जखमेसाठी बॅगेत पट्टी शोधू लागले.

"हो," काका म्हणाले.

मला वाटलं, ठोकून देताहेत. लबाडी पकडावी म्हणून मी हात मागेच ठेवले.

"कुठे, सांगा बघू?"

"अंगठा... आता करंगळीखाली... आता टाच."

मी टाचेकडे पाहिलं.

कातडीत एक बारीक, पांढुरका खळगा पडला होता. बघता बघता तो भरून आला.

मग चवड्यावर दुसरा पडला...

"काका, कोण आहे?"

"मला तरी कुठे माहीत? आमची ही गेल्यापासून येतं. पण ती नव्हे. तिची बोटं खरखरीत होती." डोळे मिटूनच ते हसले. "दिवसभरात तेवढाच कुणाचा तरी हात लागतो."

मुलाला मी सांगितलं की माझा स्पर्श त्यांना एकदाही कळला नाही. ते खरंच होतं. बाकीचं कसं सांगणार?

महिन्याभराने वृद्धाश्रमात गेले, तर काका भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"इथे नाही येत गं ते. त्याला पत्ता कुठे ठाऊक? खोलीवर जाऊन सांगशील?"

त्यांनी उशीखालून किल्ली काढून दिली.

मी गेले. रिकाम्या खोलीत उभी राहून मोठ्याने पत्ता सांगितला. रस्ता, इमारत, मजला, खोली. स्वतःचंच हसू आलं.

मग कोपऱ्यातल्या शिलाई मशीनचं पायडल... एकदा खटकन खाली गेलं.

हसू तिथेच विरलं.

दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमात पोचले. काकांच्या शेजारच्या पलंगावर एक निवृत्त बस ड्रायव्हर असायचे. त्यांचेही पाय मधुमेहाने बधिर झालेले.

ते डोळे मिटून खुदखुदत होते.

"सिस्टर, पुरे आता. गुदगुल्या होताहेत."

मी अजून दारातच होते.

काका त्या पायांकडे एकटक बघत होते. रांगेत आपला नंबर यावा आणि खिडकी बंद व्हावी, तसा चेहरा.

"पलंग कुठला ते नाही सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं.

मी ड्रायव्हरकाकांच्या पायांशी वाकले. तिथली हवा उबदार लागली... कुणीतरी जवळ बसल्यासारखी.

"शेजारचा पलंग," मी हळूच म्हणाले.

काकांनी पायांवरचं पांघरूण सारलं, डोळे मिटले.

मी त्यांच्या तळव्यांवर खळगा पडतो का ते बघत राहिले.

मग ड्रायव्हरकाका पुन्हा खुदकन हसले.

हल्ली गेले की काकांच्या पायांना मीच मलम लावते, बोटांच्या बेचक्या सोडून. माझा हात त्यांना कळत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तरी मधेच ते 'हो' म्हणतात.

माझं मन राखायला म्हणतात, की... विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.