भांडुपच्या वाटेवरचं पाणी

ही गोष्ट रात्रीची नाही.

आधीच सांगून ठेवते, म्हणजे अमावास्या, पांढरी साडी वगैरे शोधत बसू नका. जे झालं ते भर उन्हात झालं. साल एकोणीसशे छप्पन्न. वैशाखातला रविवार. जागा आग्रा रोडवर, भांडुपच्या अलीकडे.

माझी आई उत्तरा तेव्हा अंधेरीला भावाच्या घरी राहत होती. थोडं तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, बाकीचं तिला श्यामकांतने सांगितलं. श्यामकांत म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझा मामा. विश्वास ठेवायचा तर ठेवा. आमच्या घरात मात्र या गोष्टीवर अजून कुणी हसत नाही.

श्यामकांत एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. सुपारीचंही व्यसन नाही, पण गाड्यांचं खूळ भारी. मरोळला एका बंगल्यामागे त्याला ती सापडली. विलायतेला परत जाताना कुणी साहेब सोडून गेलेली. दोनच सीटांची, लांब नाकाची, उघड्या टपाची स्पोर्ट्स गाडी. डाव्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या.

गाडी दोरखंडाने ओढून घरी आणली आणि वर्षभर घरात दुसरा विषय उरला नाही. प्रत्येक रविवारी अंगणात वर्तमानपत्रं पसरायची आणि त्यावर इंजिन मांडायचं. नट रॉकेलमध्ये बुडवायचे. सीटवर नवं रेक्झिन त्याने स्वतःच्या हाताने शिवलं.

"अहो, पोळपाटावर तुमचे पिस्टन आहेत," त्याची बायको पद्मजा म्हणायची. "आज पोळ्या बॉनेटवर लाटू का?"

"दोन मिनिटं गं. काही बिघडलं की कारण असतंच. धीराने शोधायचं."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. चांगला माणूस होता. पण मला त्याचा राग येतो, आणि का येतो ते आता सांगते.

पहिली लांबची फेरी खंडाळ्याला ठरली. सकाळी सातला निघायचे ते कार्बोरेटरच्या लाडात अकराला निघाले. साकीनाका, घाटकोपर. ऊन असं की डांबर चाकाला चिकटत होतं. विक्रोळी मागे पडली आणि इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला. भांडुपच्या जरा अलीकडे बॉनेटमधून वाफा यायला लागल्या.

त्याने गाडी बाजूला घेतली. इंजिन निवेपर्यंत अर्धा तास दोघं उन्हात बसली. मग फडक्याने झाकण उघडून बरोबरचं पाणी त्याने रेडिएटरमध्ये ओतायला घेतलं.

"अहो, घोटभर मला ठेवा. घसा सुकलाय."

"थांब जरा. आधी गाडीचं बघू. ती हलली तर आपण हलणार."

सगळं पाणी ओतलं. पुरलं नाही.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. दहा पावलांवर करंजाचं झाड होतं. आणि झाडाच्या बुंध्याशी... एक मडकं.

नवं कोरं. वर मातीचं झाकण. शेजारी विझलेली पणती आणि दोन सुकलेली फुलं.

अक्षय्य तृतीया होऊन आठवडा झाला होता. त्या दिवशी आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याचा घडा देतात, वाटसरूंसाठी पाणी ठेवतात. श्यामकांत स्वतः वडिलांच्या नावाने घडा देऊन आला होता. त्याला वाटलं, हेही तसलंच कुणाचं पुण्यकर्म.

"विचारा तरी कुणाला," पद्मजा म्हणाली.

"कुणाला विचारू? कावळ्यांना?"

कावळे होते खरे. फांदीफांदीवर बसले होते. पंधरा-वीस तरी असतील.

एकही ओरडत नव्हता.

त्याने मडकं उचललं आणि रेडिएटरमध्ये उपडं केलं. काठापर्यंत भरलं. तळाशी उरलं ते ओंजळभर. तेवढं त्याने पद्मजाच्या हातावर ओतलं. ती प्यायली आणि तिने तोंड वाकडं केलं.

"खारट आहे हो."

मडकं जागेवर ठेवून दोघं निघाली. त्यानंतर गाडी अशी धावली की विचारू नका. खंडाळ्याच्या घाटात लॉऱ्या वाफा सोडत उभ्या होत्या आणि हिचा काटा वर यायचं नाव घेईना. श्यामकांत शीळ घालत होता. पद्मजा सारखी ओठांवरून जीभ फिरवत होती.

खंडाळ्याला त्याने सवयीने झाकण उघडलं. आत बोट घातलं.

कोरडं ठाक.

पाण्याचा थेंब नाही. खाली ओल नाही, नळीला चीर नाही. एवढा घाट चढलेलं इंजिन... हाताला थंड लागत होतं.

मागे वळून पाहिलं तर पद्मजा हॉटेलच्या पोऱ्याकडे पाणी मागत होती. सहा ग्लास प्यायली. सातवा मागितला.

घरी परत आल्यावर दोन गोष्टी सुरू झाल्या. श्यामकांतच्या डोक्यात त्या दोन वेगवेगळ्या होत्या, हीच त्याची मोठी चूक.

एक म्हणजे गाडी. सकाळी रेडिएटर भरावा, संध्याकाळी रिकामा. गाडी जागची हललेलीसुद्धा नसायची. त्याने नळ्या बदलल्या, सांध्यांना डाख दिला, पंप खोलला. शेवटी स्टेशनजवळच्या बळवंत मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री तासभर गाडीखाली पडून राहिला आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "साहेब, हिला गळती नाय. पाणी जातंय ते खरं. कुठं जातंय ते मला नका विचारू."

पैसे न घेताच गेला तो.

दुसरी गोष्ट पद्मजा. तिची तहान भागेना. तांब्यामागून तांब्या, मग कळशी. डॉक्टरांनी रक्त तपासलं, लघवी तपासली. साखर नाही, काही नाही. पण पंधरा दिवसांत तिच्या गळ्याची हाडं दिसायला लागली. ओठ फुटले. फुटलेल्या ओठांवर सकाळी पांढरं काहीतरी साचलेलं असायचं. आईने एकदा ओल्या फडक्याने पुसलं आणि बोट जिभेला लावलं.

मीठ होतं.

"दादा, गाडी सोड आणि वहिनीकडे बघ," आई त्याला म्हणाली.

"बघतोय ना! डॉक्टर म्हणाले उष्णता आहे."

मग तो दिवस आला. दुपारचे चार. आई स्वयंपाकघरात पद्मजाजवळ बसली होती. खिडकीबाहेर अंगणात गाडी उभी होती. इंजिन बंद, बॉनेट बंद, आसपास माणूस नाही.

आणि गाडीतून आवाज आला...

घट... घट... घट...

कुणीतरी खूप दिवसांचं तहानलेलं पाणी पीत असावं तसा.

आईने पद्मजाकडे पाहिलं. पद्मजाच्या हातात भांडं नव्हतं. डोळे मिटलेले होते. आणि तिचा गळा हलत होता. वर, खाली. वर, खाली. बाहेरच्या आवाजाबरोबर... एकाही घोटाचा फरक न करता.

आईने ओरडून भावाला बोलावलं. तो पाना हातात घेऊनच आला. दारात उभा राहिला, त्याने ऐकलं, बायकोच्या गळ्याकडे पाहिलं. कारण शोधणारा माणूस तो. पाना हातातून पडला.

"मडकं," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पद्मजाला गाडीत बसवलं आणि भांडुप गाठलं. करंजाच्या झाडाखाली काहीच नव्हतं. पुढे भांडुपच्या नाक्यावरच्या चहावाल्याला विचारलं.

"ते मडकं? सोनूबाईचं. गावातली कोळीण. तिचा नवरा त्या झाडापाशीच लॉरीखाली आला ना, धर्मा."

रेल्वेचं फाटक ओलांडून खाडीच्या अंगाला कोळ्यांची घरं होती. श्यामकांतने गाडी नारळाच्या झापांनी शाकारलेल्या एका घरासमोर उभी केली. पद्मजा आतच बसून राहिली. सोनूबाई ओट्यावर सुकी मासळी निवडत होती. चाळिशीची असेल. चेहरा शांत होता.

"या दादा. कोन पायजे?"

त्याने मडक्याचं नाव काढलं आणि तिनेच सगळं सांगून टाकलं. धर्मा पाऊण तास रस्त्यावर पडला होता. पाणी पाणी करत होता. लोक जमले, पण जखमी माणसाला पाणी देऊ नये म्हणून कुणी दिलं नाही. ती पोचली तेव्हा त्याचं तोंड उघडंच होतं.

"म्हनून त्या जागी धा दिस पानी ठेवायचं ठरवलं. रोज बघायची, मडकं भरल्यालंच. कावला पन शिवं ना. माजा जीव कासावीस. आनि नवव्या दिशी गेले तर..." ती चक्क हसली. "मडकं रिकामं! पिऊन गेला दादा. घटाघटा पिऊन गेला. तवा कुठं मला झोप लागली."



खरं सांगावं तर या बाईची झोप जाणार. न सांगावं तर... त्याने गाडीकडे पाहिलं. पद्मजाची मान एका बाजूला कलली होती. गळा हलत होता. आता आवाज नव्हता, कारण गाडीत पाणीच उरलं नव्हतं.

त्याने सांगितलं. मान खाली घालून, सगळं.

सोनूबाईचा हात मासळीवरच थांबला. मासळीवर माश्या बसत होत्या, त्या तिने हाकलल्या नाहीत. श्यामकांतला वाटलं, आता ही शिव्या घालणार, आणि त्याला त्या हव्याच होत्या.

"म्हनजे तो तसाच हाय," ती म्हणाली. "तहानेलाच."

ती उठली, आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. झाडाकडे गेली नाही. सरळ गाडीकडे गेली. डाव्या बाजूचं दार उघडून पद्मजाच्या तोंडाशी तांब्या लावला.

"पी," ती म्हणाली. "मी आले. पी आता."

पद्मजा प्यायली. एकच तांब्या. मग तिने तोंड पुसलं आणि मोठा श्वास सोडला. फुटलेल्या ओठांवर महिन्याभरात पहिल्यांदा ओल दिसली. श्यामकांत रस्त्यावरच मटकन खाली बसला आणि रडला.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

घरी पोचेस्तोवर पद्मजाला पुन्हा तहान लागली. आईने पाणी दिलं, श्यामकांतने दिलं. उपयोग नाही. तहान भागायची ती एकाच हातच्या पाण्याने. मग दर रविवारी अंधेरी ते भांडुप. मग गुरुवारी पण. मग एक दिवसाआड. गाडीचं पाणी मात्र आता तसूभरही कमी होत नव्हतं. बळवंत मिस्त्री म्हणाला, झकास चाललीय.

श्यामकांत सोनूबाईला म्हणाला, "याला काही उपाय असेल ना? देवऋषी, काहीतरी. तुमच्यात कुणी असेलच."

"असंल," ती म्हणाली. आणि पद्मजाच्या केसांतून हात फिरवत राहिली.

उपाय तिने केला नाही. मी तिला दोष देत नाही. तुम्ही तिच्या जागी असता तर काय केलं असतं?

आषाढ लागला. एका रविवारी निघायची वेळ झाली. पद्मजा ओट्यावर बसली होती, मांडीवर फाटलेलं जाळं. जन्मात कधी मासळीला हात न लावलेली बाई. पण तिची बोटं भराभरा गाठी मारत होती आणि सोनूबाई शेजारी बसून बघत होती.

"चल पद्मजा. उशीर होतोय."

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. वर न बघता.

तो थांबला. संध्याकाळ झाली तरी थांबला. मग एकटाच परत आला.

अंधेरीत काय काय बोललं गेलं ते लिहिण्यात अर्थ नाही. माहेरची माणसं भांडुपला जाऊन आली. तीही रिकाम्या हातांनी परतली. पद्मजा सगळ्यांना ओळखायची, नीट बोलायची, तब्येतही सुधारली होती. फक्त उठायची नाही.

श्यामकांतने गाडी विकली नाही. दर रविवारी धुऊन पुसून तो भांडुपला जायचा, तास-दोन तास ओट्यावर बसायचा, चल म्हणायचा आणि परत यायचा. डाव्या सीटवर त्याने नवी गादी करून घेतली होती.

असं दीड वर्ष गेलं. अठ्ठावन्न सालच्या जानेवारीतला रविवार. तो निघाला आणि पद्मजा त्याच्या मागोमाग गाडीपर्यंत आली. असं ती कधीच करत नसे.  त्याने डाव्या बाजूचं दार उघडून धरलं.

ती बसली नाही. पुढे गेली, बॉनेट उचललं, रेडिएटरचं झाकण फिरवून आत डोकावली. झाकण घट्ट लावलं आणि त्याच्याजवळ आली. चेहरा तिचाच होता. आवाजही तिचाच होता.

"भरल्यालं हाय," ती म्हणाली. "वाटंत कोनाचं पानी उचलू नको."

श्यामकांत त्यानंतर भांडुपला गेला नाही. गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. तो वारला तेव्हाही तिथेच होती.

आईला मी कितीदा तरी विचारलं आहे, त्या दिवशी बोललं कोण? मामी, की धर्मा? आई म्हणते, तिला ठाऊक नाही. मलाही नाही. मी फक्त एवढंच करते... वाटेत कितीही तहान लागली तरी झाडाखालच्या मडक्याला हात लावत नाही. आधी कुणीतरी दिसेपर्यंत थांबते, आणि विचारते.